इंग्रजी उतारा आणि मराठी माध्यमाचा पदवीधर

पदवी परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला, गणितात व तर्कशास्त्रात चांगली गती असलेला तालुक्याच्या गावचा विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत मागे पडतो, तेव्हा त्याच्या अपयशाचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडते. इंग्रजी उतारा वाचून त्याखालील प्रश्न सोडविण्यास त्याला वेळ पुरत नाही. मग तो बाजारातून तीन हजार शब्दांची यादी विकत आणतो, ती घोकतो आणि पुढील वर्षी पुन्हा त्याच उताऱ्यापाशी अडखळतो. त्याच्या कष्टांत उणीव नसते, कष्टांची दिशा तेवढी चुकलेली असते. ही दिशा कोणती असावी आणि ती दाखविण्यासाठी शाळा, ग्रंथालय व ग्रामपंचायत यांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षेत नेमके काय विचारतात?

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत व्यवस्थापन शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा घेतली जाते. २०२५ साली या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावयाचे होते व त्यांपैकी ५० प्रश्न इंग्रजी भाषा व आकलन यांवर होते. म्हणजे एकूण प्रश्नांचा चौथा हिस्सा भाषेचा झाला.

भारतीय व्यवस्थापन संस्थांमधील प्रवेशासाठी देशपातळीवर होणाऱ्या सामाईक परीक्षेत, म्हणजे ‘कॅट’मध्ये, भाषेचे महत्त्व याहून अधिक आहे. २०२४ साली तिच्या ६८ प्रश्नांपैकी २४ प्रश्न भाषेचे होते. त्यांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर आधारलेले होते आणि या विभागासाठी ४० मिनिटांचा स्वतंत्र वेळ ठरवून दिलेला होता. बहुपर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात व चुकीच्या उत्तराबद्दल एक गुण वजा होतो. शिवाय या संस्था उमेदवारांची निवड करताना प्रत्येक विभागात किमान पातळी गाठलेली असावी, अशी अट घालतात. त्यामुळे गणितातील उत्तम गुणांनी इंग्रजीतील उणीव भरून काढता येत नाही. ज्या विद्यार्थ्याचे सारे शिक्षण मराठीतून झाले त्याच्या दृष्टीने ही अट किती निर्णायक आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता थोडा हिशेब करू. एक उतारा साधारणपणे पाचशे शब्दांचा धरला तर चार उताऱ्यांचे दोन हजार शब्द होतात. मिनिटाला साठ शब्द या गतीने वाचणाऱ्या विद्यार्थ्याची चाळीसपैकी तेहतीस मिनिटे केवळ वाचनातच खर्ची पडतील. मिनिटाला शंभर शब्द वाचणाऱ्यास वीस मिनिटे लागतील आणि दोनशे शब्द वाचणारा दहा मिनिटांत वाचन संपवून उरलेली तीस मिनिटे विचाराला देऊ शकेल. तिघांची बुद्धी समान असली तरी निकाल समान लागणार नाही. परीक्षेत खरी अडचण कोठे येते, हे या साध्या आकडेमोडीवरून ध्यानात यावे.

घोकंपट्टीची मर्यादा

एके काळी शब्दांच्या याद्या पाठ करून काही लाभ होत असे, हे नाकारता येत नाही. अमेरिकेतील विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘जीआरई’ परीक्षेत विरुद्धार्थी शब्द व शब्दांच्या जोड्या यांवर स्वतंत्र प्रश्न असत. ऑगस्ट २०११ मध्ये या परीक्षेचे स्वरूप बदलले आणि दोन्ही प्रकार वगळण्यात आले. त्यांच्या जागी उताऱ्यातील अथवा वाक्यातील रिकाम्या जागी संदर्भानुसार योग्य शब्द निवडण्याचे प्रश्न आले. सुटा शब्द जाऊन वाक्यातला शब्द आला. वाक्यात शब्द कोणते काम करतो, हे ज्याला कळते त्यालाच आता गुण मिळतात.

वाचनासाठी किती शब्द यावे लागतात, याचाही अभ्यास झालेला आहे. शब्द मोजताना ‘शब्दकुटुंब’ हे एकक धरतात. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ हे चार निरनिराळे शब्द नसून एका कुटुंबातील चार व्यक्ती होत. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. पुढे २००० साली न्यूझीलंडमधील अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात सतत आढळणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी तयार केली. वेस्ट यांच्या यादीतील शब्द अशा लेखनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापतात, तर कॉक्सहेड यांच्या यादीने आणखी सुमारे दहा टक्के भाग व्यापला जातो, असे त्यांच्या मोजणीत आढळले.

या दुसऱ्या यादीतील शब्द मुळीच दुर्मीळ नाहीत. ‘पॉलिसी’, ‘सेक्टर’, ‘डेटा’, ‘बेनिफिट’, ‘ॲनलाइझ’, ‘अझ्यूम’, ‘कॉन्स्टिट्यूट’ हे त्यांपैकीच होत. शासकीय परिपत्रके हाताळणाऱ्यांच्या नजरेखालून त्यांतील बरेचसे शब्द रोज जात असतात. बाजारातील याद्या मात्र अनेकदा याच्या उलट टोकापासून सुरुवात करतात आणि वर्षभरात एकदाही भेटणार नाही अशा शब्दाने विद्यार्थ्याचा पहिला दिवस सुरू होतो.

याचा अर्थ अडीच हजार शब्दकुटुंबे आली म्हणजे काम संपले, असा नव्हे. कोणाच्याही साहाय्याविना इंग्रजी ग्रंथ किंवा वृत्तपत्र वाचण्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा निष्कर्ष पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. एवढा संग्रह पाठांतराने होत नाही. तो वाचनातून, तेच शब्द निरनिराळ्या संदर्भांत पुनःपुन्हा भेटल्याने होतो.

ढाक्याचा धडा

आपल्या परिस्थितीत या प्रश्नाचा विचार शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. वर उल्लेखिलेले मायकेल वेस्ट हे तत्कालीन बंगाल प्रांतात ढाका येथे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. द्वैभाषिकता या विषयावरील त्यांचा, बंगालच्या परिस्थितीवर आधारलेला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजीची खरी गरज ज्ञानाची पुस्तके वाचण्यासाठी आहे, म्हणून वाचनाला अग्रक्रम द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विमा क्षेत्रातील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना त्यांनी शिक्षणाला लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी विमेदाराच्या हाती काही रक्कम पडते. त्याचप्रमाणे विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडले तरी त्याच्या हाती काय उरते, असा प्रश्न त्यांनी विचारला. व्याकरणाचे अर्धवट नियम फारसे कामास येत नाहीत. परंतु सोपे पुस्तक वाचता येण्याची शक्ती, ती कितीही अल्प असली तरी, आयुष्यभर उपयोगी पडते.

प्रचलित क्रमिक पुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात, हेही वेस्ट यांच्या ध्यानात आले. विद्यार्थी प्रत्येक ओळीला अडखळला तर तो वाचत नाही, केवळ शब्द उकलत बसतो. म्हणून त्यांनी दुर्मीळ शब्द काढून त्यांच्या जागी परिचित शब्द घातले, नवे शब्द विरळ केले आणि प्रत्येक नवा शब्द पुढे अनेकदा येईल अशी व्यवस्था केली. पुढील काळातील संशोधनानेही याच विचाराला दुजोरा दिला. उतारा विनासायास समजण्यासाठी त्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द वाचकाला परिचित असावे लागतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. याचे व्यावहारिक रूप असे : पाचशे शब्दांच्या पानात दहांपेक्षा अधिक अनोळखी शब्द आढळले तर ते पुस्तक आज वाचावयाचे नाही. ते सहा महिन्यांनी हाती घ्यावे.

परिचित विषयाची शिडी

असे सोपे व सुसंगत साहित्य खेड्यातील विद्यार्थ्याने आणावे कोठून? याचे उत्तर आपल्या हाताशीच आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, १९६७ साली स्थापन झाली. इतिहास, भूगोल, विज्ञान या विषयांची तिची पुस्तके मराठीप्रमाणे इंग्रजी माध्यमासाठीही निघतात आणि त्यांतील आशय बहुतांशी एकच असतो. ही पुस्तके संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत.

मराठी माध्यमातील पदवीधराने सातवी-आठवीचे इंग्रजी माध्यमाचे भूगोलाचे पुस्तक हाती घ्यावे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मोसमी वारे, नदीचे कार्य, भूकंपाची कारणे हे सारे त्याला मराठीतून पूर्वीच समजलेले आहे. आता त्याला केवळ शब्द ओळखावयाचे आहेत. ‘बाष्पीभवन’ त्याला ठाऊक आहे म्हणून ‘इव्हॅपोरेशन’ त्याला वाक्यातूनच कळते व लक्षातही राहते. विषय आणि भाषा या दोन्ही अनोळखी असतील तर वाचक बुडतो. विषयाचा आधार पक्का असेल तर भाषेच्या पाण्यात पाय टाकता येतो.

या शिडीच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे मांडता येतील. पहिली पायरी सातवी ते आठवीच्या पुस्तकांची. दुसरी नववी ते बारावीच्या इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या पुस्तकांची. तिसरी पायरी ‘योजना’सारख्या मासिकाची. हे मासिक इंग्रजीप्रमाणे मराठीतही निघत आले असल्यामुळे एखादा विषय आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजीत वाचता येतो. चौथी पायरी इंग्रजी दैनिकातील अग्रलेखाची आणि पाचवी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील उताऱ्यांची. पहिल्या चार पायऱ्या गाळून थेट पाचवीवर उडी घेण्याचा प्रयत्न आपले विद्यार्थी करतात आणि म्हणून खाली येतात.

शब्दांचे नाते

वाचनाबरोबर शब्दांचा डोळस अभ्यास अवश्य करावा. त्यात मराठी भाषकाला एक नैसर्गिक सोय आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असा विचार मांडला. इंग्रजीतील विद्वत्तापूर्ण शब्द बहुतांशी लॅटिन व ग्रीकमधून आलेले असल्याने या नात्याचा उपयोग आपल्याला आजही होतो.

‘अनॉनिमस’ या शब्दात ‘अन्’ हा नकार व ‘नाम’ याचेच ग्रीक भावंड आहे, म्हणून त्याचा अर्थ अनामिक. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी, दोन्हीकडे पायाचे मूळ एकच. ‘इनोव्हेशन’मध्ये ‘नव’ आहे, ‘मॅटर्नल’मध्ये ‘मातृ’ व ‘डेंटल’मध्ये ‘दन्त’. बैलाच्या मानेवरील ‘जू’, संस्कृतातील ‘युग’ आणि इंग्रजीतील ‘योक’ ही एकाच घराण्यातली. दोन जीवांना एकत्र जोडणारा म्हणून ‘कंजुगल’ म्हणजे वैवाहिक. ‘श्रद्धा’ या शब्दाचे नाते लॅटिनमधील विश्वासवाचक ‘क्रेडो’शी आहे. तेथूनच ‘क्रेडिट’, ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वसनीय, ‘इन्क्रेडिबल’ म्हणजे विश्वास बसणार नाही असे आणि ‘क्रेड्युलस’ म्हणजे चटकन विश्वास ठेवणारा, हे शब्द आले. एक मूळ कळले की चार-पाच शब्दांची उकल होते.

मात्र उच्चारसाम्य दिसले म्हणजे नाते आहेच, असे समजू नये. इंग्रजी ‘डे’ आणि आपला ‘दिवस’ यांचा आरंभ सारखा ऐकू येतो, परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांची मुळे भिन्न आहेत. व्युत्पत्तीवरून अंदाज बांधावा व संदर्भावरून तो पारखून घ्यावा.

संदर्भ किती साह्य करतो, याचे एक उदाहरण पाहा. “एरवी ‘लोक्वेशस’ असलेले सरपंच त्या सभेत मात्र अवाक्षरही बोलले नाहीत.” हे वाक्य वाचणाऱ्याला शब्दकोश उघडण्याची गरज नाही. ‘एरवी’ व ‘मात्र’ या दोन शब्दांनी ‘लोक्वेशस’ म्हणजे बोलका, हे सांगून टाकले आहे. इंग्रजी वाक्यांतील ‘बट’, ‘अनलाइक’, ‘दॅट इज’, ‘सच ॲज’ हे शब्द हेच काम करतात.

ओळखीचे, पण फसवे शब्द

अनोळखी शब्दापाशी वाचक थांबतो तरी. ओळखीचा वाटणारा शब्द त्याला न थांबवता चुकीच्या वाटेने नेतो. आपल्या कार्यालयांत नित्य वापरले जाणारे काही शब्द या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत.

‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, हे आपण जाणतो. तथापि आंतरराष्ट्रीय वृत्तात एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले, असे म्हटलेले असते तेव्हा त्याचा अर्थ निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. ‘क्वालिफाइड’ उमेदवार हा पात्र उमेदवार, परंतु ‘क्वालिफाइड’ पाठिंबा म्हणजे अटी घालून दिलेला, अपुरा पाठिंबा. सभागृहात एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे आपल्याकडे तो पटलावर ठेवणे. अमेरिकन लेखनात त्याच शब्दाचा अर्थ तो प्रस्ताव बाजूस सारणे, असा होतो. ‘डिसइंटरेस्टेड’ याचा काटेकोर अर्थ स्वार्थनिरपेक्ष किंवा निःपक्षपाती असा आहे, तर रस नसलेला तो ‘अनइंटरेस्टेड’. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. एका अक्षराने वाक्याचा कल फिरतो व परीक्षक नेमका त्या कलावरच प्रश्न विचारतो.

वाक्याचा कणा शोधणे

मराठी वाक्यात क्रियापद प्रायः शेवटी येते. त्यामुळे आपण शेवटाकडे दृष्टी ठेवून वाचतो. इंग्रजीत कर्त्यामागून क्रियापद येते खरे, परंतु लांबलचक वाक्यात त्या दोहोंच्या मध्ये विशेषणवाक्ये घुसतात आणि वाचकाचा धागा तुटतो. अशा वेळी संपूर्ण वाक्याचे भाषांतर करीत बसू नये. मुख्य कर्ता कोणता व त्याचे क्रियापद कोणते, एवढेच प्रथम शोधावे. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांनी सुरू होणारा भाग मनातल्या मनात कंसात टाकावा. कणा सापडला की बरगड्या आपोआप जागेवर बसतात.

यापुढचे काम उभयान्वयी शब्दांचे. ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’ येथे विचार वळतो. ‘देअरफोर’, ‘हेन्स’ येथे निष्कर्ष येतो. ‘मोरओव्हर’ येथे आधीच्याच मुद्द्याला भर पडते. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात लेखक आधी दुसऱ्याचे म्हणणे मान्य करतो व नंतर स्वतःचे सांगतो. हे शब्द संख्येने थोडे आहेत. शंभर अवघड शब्दांपेक्षा असे पंचवीस शब्द अचूक कळणे अधिक लाभदायक ठरते.

एक नमुना

उताऱ्यावरील प्रश्न सोडविण्यात इंग्रजीचा भाग असतो तसाच युक्तिवाद समजण्याचाही भाग असतो. हा दुसरा भाग मराठीतूनही शिकविता येतो. पुढील परिच्छेद पाहावा.

“भूजलाची पातळी खाली गेली की विहीर खोल करावी, हा निर्णय प्रत्येक शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्यच असतो. परंतु सर्वांनीच तसे केले की पातळी आणखी खाली जाते आणि ज्याला खोलीकरणाचा खर्च झेपत नाही त्याची विहीर प्रथम कोरडी पडते. येथे शेतकऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेकांचे शहाणपणाचे निर्णय एकत्र येऊनही अनिष्ट घडू शकते, एवढेच यातून दिसते.”

लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते, असा प्रश्न विचारून पुढील पर्याय दिले आहेत, असे समजू. (१) विहिरी खोल करणारे शेतकरी अविचारी आहेत. (२) व्यक्तिशः योग्य असलेल्या निर्णयांचा एकत्रित परिणाम अनिष्ट होऊ शकतो. (३) भूजल केवळ श्रीमंत शेतकऱ्यांनाच मिळते. (४) ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होते.

पहिला पर्याय लेखकाने जे स्पष्टपणे नाकारले तेच त्याच्या तोंडी घालतो. तिसऱ्यात ‘केवळ’ हा शब्द येऊन म्हणणे अतिरेकी झाले आहे. चौथे विधान खरे आहे, परंतु परिच्छेदात त्याचा उल्लेखही नाही. उत्तर दुसरे. प्रवेश परीक्षांतील चुकीचे पर्याय बहुधा याच तीन जातींचे असतात : उलटलेले, ताणलेले आणि बाहेरून आणलेले. मराठी दैनिकातील अग्रलेख घेऊन विद्यार्थ्यांनी आपसांत असे पर्याय तयार केले तर पर्याय रचणाऱ्याची दृष्टी त्यांना येते. ही दृष्टी इंग्रजी उताऱ्यासमोरही तशीच उपयोगी पडते.

स्मरणाची शिस्त

एकदा वाचलेले आपण किती झपाट्याने विसरतो, याचे मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरणाचा वेग आरंभी फार असतो व पुढे तो मंदावतो. म्हणून एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द अंतराअंतराने आठवून पाहणे हितावह ठरते. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांच्या पेटीची एक सोपी पद्धत लोकप्रिय केली.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूस शब्द व ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहावे, दुसऱ्या बाजूस अर्थ. पेटीत पाच कप्पे असावेत. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, न आठवल्यास पुन्हा पहिल्यात येते. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने व पाचवा महिन्याने पाहावा. चिठ्ठी उलटण्यापूर्वी अर्थ आठवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे हाच या पद्धतीचा गाभा होय. दिवसाला आठ नवे शब्द पुरे आहेत आणि तेही स्वतःच्या वाचनात भेटलेले असावेत.

गावाने काय करावे?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जातो. तरीही वर्गात इंग्रजी धडा अद्याप बऱ्याच ठिकाणी ओळीओळीने भाषांतर करून संपविला जातो. माध्यमिक शाळेतील व कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी आठवड्यातील एक तास मूक वाचनासाठी राखून ठेवावा. त्या तासाला भाषांतर नको, प्रश्नोत्तरे नकोत. केवळ सोपे पुस्तक, घड्याळ आणि शेवटी दोन वाक्यांत सारांश, एवढे असावे. ओठ हलवून वाचण्याची सवय असेल तर ती हळूहळू सोडवावी, कारण तिच्यामुळे वाचनाची गती बोलण्याच्या गतीपुढे जात नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली व अनेक गावांत अशी ग्रंथालये आहेत. त्यांत एक कपाट इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांसाठी ठेवावे. शेजारच्या शहरातील शाळांतून वापरलेली पुस्तके मागितल्यास खर्चही फारसा येणार नाही. एक इंग्रजी दैनिक व एक मासिक यांची वर्गणी ग्रामपंचायतीने किंवा गावातील नोकरदारांनी वाटून घ्यावी. कार्यालयांत येणारी इंग्रजी नियतकालिके नियमानुसार निकालात काढावयाची असतात तेव्हा ती रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयाची गरज विचारात घ्यावी.

आणखी एक गोष्ट पंचायत सदस्यांनी विसरू नये. सायंकाळी उशिरा उघडणाऱ्या अभ्यासिकेत मुलांना जाता येते, मुलींना ते अनेकदा शक्य होत नाही. शाळा सुटल्यानंतर त्याच इमारतीतील एक वर्ग तासभर उघडा ठेवला तर ही अडचण पुष्कळ अंशी दूर होईल.

सव्वीस आठवड्यांचा क्रम

परीक्षेपूर्वी सहा महिने हाती असतील तर पुढील क्रम अनुसरावा. पहिले आठ आठवडे सातवी-आठवीची पुस्तके, पुढील आठ आठवडे वरच्या वर्गांची, त्यानंतर पाच आठवडे मासिक व अग्रलेख आणि शेवटचे पाच आठवडे घड्याळ लावून मागील प्रश्नपत्रिका. रोज अर्धा तास वाचन व दहा मिनिटे चिठ्ठ्या. प्रत्येक रविवारी एक पान वाचून मिनिटाला किती शब्द झाले, याची वहीत नोंद करावी. मात्र दोन वाक्यांचा सारांश लिहिता आला नाही तर ती गती मोजू नये.

मिनिटाला शंभर शब्द या साध्या गतीने अर्ध्या तासात तीन हजार शब्द वाचून होतात. आठवड्यातून सहा दिवस असे वाचले तर सव्वीस आठवड्यांत साडेचार लाखांहून अधिक शब्द डोळ्यांखालून जातील. तीन हजार शब्दांच्या यादीने जे साधत नाही ते या साडेचार लाखांनी साधते, कारण नित्याचे शब्द त्यात शेकडो वेळा निरनिराळ्या वेषांत भेटून जातात.

सहा महिन्यांत प्रत्येकाला हवी ती संस्था मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात आणि स्पर्धा मोठी असते. परंतु वेस्ट यांची विम्याची कसोटी येथे लावून पाहावी. यादी पाठ करणाऱ्याचा प्रवेश हुकला तर त्याच्या हाती थोड्याच दिवसांत काही उरत नाही. वाचावयास शिकलेल्याचा प्रवेश हुकला तरी तो पुढे करारपत्र वाचू शकतो, औषधावरील सूचना वाचू शकतो, आपल्या विषयाचा नवा ग्रंथ वाचू शकतो आणि पुढील वर्षी परीक्षेला बसला तर शून्यापासून आरंभ करीत नाही. गावातील ग्रंथालयाच्या एका कपाटावर व शाळेतील एका तासावर होणारा खर्च याच हिशेबाने पाहावयास हवा.